एस-250 : लष्करी शेल्टरचे फिरते घर

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल तुकड्यांची वायरलेस यंत्रे, टेलिप्रिंटर आणि ते चालवणारे जवान एका छोट्या ट्रकवर मावावेत, यासाठी 1960च्या दशकात एस-250 हे शेल्टर तयार झाले. शेल्टर म्हणजे ॲल्युमिनियमच्या दुहेरी भिंतींची बंद खोली. मागे एक दार, खिडकी एकही नाही, वरच्या चार कोपऱ्यांना उचलण्यासाठी कड्या. ही खोली पिकअप ट्रकच्या हौद्यात ठेवायची, चारही कोपऱ्यांवरून ताण देऊन आवळायची आणि गरज पडली की क्रेनने किंवा हेलिकॉप्टरने उचलून दुसरीकडे न्यायची, अशी योजना होती. रिकाम्या शेल्टरचे वजन सुमारे 350 किलो भरते. लष्कराने मोडीत काढलेली अशी शेल्टरे लिलावात घेऊन त्यांचे कॅम्पर, म्हणजे ट्रकवरचे फिरते घर, करण्याची हौस अमेरिकेत बरीच जुनी आहे. मुळात हे शेल्टर यंत्रांसाठी बांधलेले आहे, आणि त्याचे घर करताना येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण याच एका गोष्टीतून निघते.

ट्रक बदलत गेले तशी शेल्टरेही बदलत गेली. कैसर जीपचा एम715, 1970च्या दशकातला डॉजचा एम880 आणि 1980च्या दशकातली जनरल मोटर्सची सीयूसीव्ही मालिका, या सगळ्यांच्या हौद्यात एस-250 बसत असे. सीयूसीव्हीमधला 6.2 लिटर डिझेल इंजिनाचा एम1028 तर मुद्दाम शेल्टर वाहण्यासाठीच काढलेला होता. पुढे हमवी ही लष्करी गाडी आली आणि तिच्यासाठी एस-788 हे हलके शेल्टर तयार झाले. एस-280 हे थोरले भावंड अडीच टनी ट्रकसाठीचे आहे. ते सुमारे 12 फूट लांब, 7 फूट रुंद आणि 7 फूट उंच असून त्यात माणूस ताठ उभा राहू शकतो. एस-250 मध्ये ती सोय नाही. आतली उंची साडेपाच फूटही भरत नाही, कारण आतल्या माणसाने खुर्चीवर बसून यंत्र चालवायचे हे गृहीत धरलेले होते.

टेलिप्रिंटरचा काळ सरला तशी ही शेल्टरे गोदामांत पडून राहू लागली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे वापराबाहेर गेलेले सामान निकाली काढण्याचे काम डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस ही यंत्रणा करते. तिचे मुख्यालय मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे आहे. सामान आधी इतर सरकारी खात्यांना देऊ केले जाते आणि जे उरते ते लिलावात निघते. लिलावातून शेल्टरे हौशी रेडिओवाल्यांकडे, शिकाऱ्यांकडे, शेतकऱ्यांकडे आणि भटकंती करणाऱ्यांकडे जातात. आतली यंत्रे बहुधा आधीच काढलेली असतात. उरतात ती रॅकची बैठक, वायरींच्या नळ्या, दिवे, फ्यूजची पेटी आणि जागोजागची भोके.

शेल्टरचा खरा गाभा म्हणजे त्याची भिंत. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये घट्ट भरलेला पॉलियुरेथेन फोम, असे तीन थर एकजीव केलेले असतात. प्रत्येक पत्रा एकटा घेतला तर हाताने वाकेल इतका पातळ असतो. मात्र दोन पत्रे फोमने एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवले की भिंत वाकायला तयार होत नाही. भार आला की एक पत्रा ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि फोम दोघांना सरकू देत नाही. यामुळेच साडेतीनशे किलोची खोली आतल्या जड यंत्रांसह खडबडीत रस्ता सहन करते. रॅक जिथे बसायचे, तिथे आणि कडांना भिंतीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातलेल्या असतात आणि वजन त्या पेलतात. बाजूच्या भिंतींचा खालचा भाग ट्रकच्या चाकांवरील कमानींना जागा देण्यासाठी आत घेतलेला असतो. त्यामुळे आत दोन्ही अंगांना पायरी तयार होते आणि कॅम्परमध्ये तीच बाक म्हणून कामी येते.

या रचनेचे बळ फोम आणि पत्रा यांच्या चिकटण्यात आहे. म्हणून घेणारा जाणकार रंग बघत बसत नाही, भिंत वाजवून बघतो. एखादे नाणे किंवा पान्ह्याचा दांडा घेऊन तो बोटभर अंतराने पत्र्यावर टकटक करत जातो. चांगल्या जागी आवाज भरीव आणि आखूड येतो, पत्रा सुटला असेल तिथे तो पोकळ, सैल येतो. पोकळ आवाजाची जागा खडूने आखत गेले की भिंतीवर नकाशाच उमटतो. बहुतेक वेळा ही जागा एखाद्या जुन्या भोकाखाली सापडते. अँटेनाची बैठक काढली, रिवेट ढिली झाली किंवा छतावरचे सीलंट वाळून तडकले की पाणी आत शिरते. फोममध्ये मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, फुगते आणि पत्रा आणखी सोडवते. हातभर जागा बिघडली असेल तर ती कापून नवा फोम आणि पत्रा बसवता येतो. तळ सुटला असेल तर मात्र ते शेल्टर सोडून दुसरे पाहणे शहाणपणाचे.

साफसफाईत सर्वांत कटकटीचे काम रंगाचे. 1980च्या दशकापासून अमेरिकी लष्कराने आपल्या वाहनांना आणि सामानाला रासायनिक अस्त्रांचा अंश शोषून न घेणारा एक खास पॉलियुरेथेन रंग लावायला सुरुवात केली. तो चिवट असतो आणि त्याखालच्या जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकते. कोरडा घासला तर त्याची धूळ फुप्फुसात जाते. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरणे, योग्य रेस्पिरेटर लावणे आणि धूळ गोळा करून नीट विल्हेवाट लावणे ही किमान काळजी घ्यावीच लागते. पुष्कळजण जुना रंग उतरवण्याच्या फंदात न पडता तो घट्ट असेल तिथे ठेवतात आणि वरून नवा हात देतात.

यानंतर खिडक्या आणि झरोके. नवे भोक पाडण्याआधी जुन्या भोकांचा हिशेब करणे फायद्याचे ठरते. वीज आत घेण्याची चौकट, अँटेनाच्या केबलींची पाटी, पंख्याचे तोंड ही सगळी मूळ बांधणीतलीच मोकळी तोंडे असल्याने भिंत तिथे आधीच चारही बाजूंनी मजबूत केलेली असते. खिडकीचे माप त्यावरून ठरवले तर कापाकापी वाचते. नवीन जागी कापायचेच असेल तर पट्टी कुठून जाते हे बारीक ड्रिलने तपासतात, पत्र्यावर चिकटपट्टी लावतात आणि धातू कापायच्या पात्याची जिगसॉ चालवतात. कापलेल्या कडेला फोम उघडा पडतो. तो सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खरवडून त्या खाचेत लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चॅनेल सीलंटसह ठोकून बसवतात. हे टाळले तर खिडकीच्या चौकटीचे स्क्रू आवळताच दोन पत्रे एकमेकांकडे दबतात, फोम चेपतो आणि पहिल्या पावसात पाणी आत येते. छतावरच्या पंख्यासाठी 14 इंच चौरस हे अमेरिकी कॅम्परमधले रुळलेले माप आहे.

सीलंटची निवडही विचारपूर्वक करावी लागते. साधे सिलिकॉन स्वस्त असते, पण ते काढले तरी त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर पुढे काहीच धरत नाही. म्हणून चौकटींखाली ब्युटिलची पट्टी आणि सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट वापरतात. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये तसाच घातला तर पाण्याच्या सान्निध्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडू लागते.

एस-250च्या काही नमुन्यांना रेडिओलहरींपासून कवच दिलेले असते. दाराच्या चौकटीला धातूच्या जाळीची पट्टी आणि हवेच्या तोंडांना षट्कोनी छिद्रांची धातूची जाळी. आतल्या यंत्रांचे संकेत बाहेर फुटू नयेत आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये, यासाठी ही तजवीज. कॅम्परमध्ये तिचा परिणाम लगेच जाणवतो. दार लावले की मोबाइलचा सिग्नल जातो. खिडक्या कापल्यावर कवच फुटते आणि सिग्नल थोडाफार परत येतो. धातूची पट्टी झिजलेली असेल तर तिच्या जागी रबरी पट्टी लावून दार निदान पाण्याला तरी बंद करता येते.

आतली मांडणी मोजमापच ठरवते. वरच्या भागात आतली रुंदी जेमतेम सहा फूट असल्याने पलंग पुढच्या भिंतीलगत आडवा टाकतात. एका बाजूच्या पायरीवर चूल आणि बेसिन, दुसऱ्या बाजूला बाक, त्याखाली बॅटरी. रॅक बसवण्याच्या मूळ जागांत कपाटे बोल्टने आवळता येतात आणि भिंतीला नवी भोके पाडावी लागत नाहीत. काहीजण छत कापून वर उचलता येणारा कापडी भाग बसवतात. त्याने उंचीचा प्रश्न सुटतो, पण खोलीला ताठ ठेवणारी एक बाजू कमी होते, म्हणून कापलेल्या तोंडाभोवती नवी चौकट बसवावी लागते.

खरी परीक्षा पहिल्या थंड रात्री होते. झोपेत एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात तीन-चारशे मिलिलिटर पाणी हवेत सोडतो. दोघे असले की हा आकडा पाऊण लिटरच्या घरात जातो. फोम उष्णता चांगली अडवतो, पण भिंतीच्या पोटातल्या पट्ट्या, दाराची चौकट आणि रिवेट बाहेरची थंडी थेट आत आणतात. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते तसे आतल्या प्रत्येक पट्टीवर पाणी सुटते, ओघळते आणि गादीखाली साचते. यंत्रांना श्वास नसतो आणि ती गरमही होतात, म्हणून मूळ आराखड्यात याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. उपाय तीन. पट्ट्यांवर बंद पेशींच्या फोमचा किंवा कॉर्कचा थर देणे, गादीखाली हवा खेळती ठेवणे आणि छताचा झरोका थंडीतही थोडा उघडा ठेवणे.

ऊब आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे गॅसची शेगडी. तीच इथे सर्वांत घातक. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, म्हणजे ऊब येते आणि ओल वाढते. त्याहून गंभीर म्हणजे इतक्या घट्ट बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला तो कळत नाही. म्हणून ज्वलनासाठी बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर, वर आणि खाली एकेक कायमचा झरोका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या तीन गोष्टींवर काटकसर करू नये. मागचे एकमेव दार अडकले तर बाहेर पडण्यासाठी एक खिडकी माणूस निघेल एवढी मोठी हवी.

वजनाचा हिशेब कागदावर सोपा वाटतो आणि काट्यावर चुकतो. शेल्टरचे 350 किलो, 80 लिटर पाण्याचे 80 किलो, वर बॅटरी, फर्निचर, हीटर, इंधन आणि दोन माणसे धरली की साध्या अर्ध्या टनी पिकअपची क्षमता संपते. लष्कराने त्यासाठी सव्वा टनी ट्रक वापरले होते. भार उंचावर असल्याने वळणावर गाडी कलते. शेल्टर हौद्याच्या पातळ पत्र्याला नव्हे, तर चॅसीला बांधावे लागते.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी. अमेरिकेच्या अनेक राज्यांत हौद्यात ठेवलेला कॅम्पर हा माल समजला जातो, काही राज्यांत मात्र त्याची नोंदणी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि हौद्यावर कायमची खोली बसवणे त्यातच मोडते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण तेही रीतसर नोंदलेल्या वाहनांसाठी आहे.

एवढे सगळे करून जे हाती येते ते तयार कॅम्परपेक्षा ठेंगणे, कमी उजेडाचे आणि बहुधा जड असते. बदल्यात ते न कुजणारे, दुरुस्त करता येणारे आणि ट्रक बदलला तरी नव्या ट्रकवर चढवता येणारे असते. ज्याला स्वतःच्या हाताने काम करण्याची आवड आहे आणि वाकून वावरण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी एस-250 हा चांगला सौदा आहे. केवळ पैसे वाचवण्यासाठी तो करू नये.