किल्लारीच्या कातळाखाली

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील किल्लारी, सास्तूर आदी गावे ज्या ६.२ प्रतीच्या भूकंपाने जमीनदोस्त झाली, त्याने जवळजवळ दहा हजार माणसांचे प्राण घेतले. आणि ज्या दख्खनच्या पठाराला भूशास्त्र स्थिर भूमी मानीत आले होते, त्याच्याच पोटात ही उलथापालथ का व्हावी, हा कठीण प्रश्न मागे ठेवला. भूकंप कोठे झाला आणि किती मोठा होता, हे भूकंपलेखकाच्या नोंदींवरून त्वरित कळते. तेथेच का झाला, याचा जबाब मात्र त्या नोंदी पुरतेपणी देत नाहीत.

त्या कारणाचा शोध घेणाऱ्यांचे लक्ष बऱ्याच काळापासून खडकातील पाण्याकडे लागलेले आहे. खोल भूगर्भातील भ्रंशाच्या दोन्ही बाजू वरच्या खडकांच्या प्रचंड भाराने एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात आणि त्यातून उत्पन्न होणाऱ्या घर्षणामुळेच त्या जागच्या जागी टिकून राहतात. परंतु भेगांत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला, तर त्या भाराचा काही अंश पाणीच पेलू लागते, घर्षण उणावते, आणि शतकानुशतके साचत आलेल्या ताणाला वाट मिळते. हबर्ट आणि रूबी या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी या तत्त्वाची मांडणी १९५९ मध्ये केली, आणि अवघ्या तीन वर्षांत त्याचा दाखला अभावितपणे पुढे आला. कोलोरॅडोत डेन्व्हर शहराजवळ लष्करी कारखान्याचे सांडपाणी साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरीत सोडण्यास १९६२ मध्ये प्रारंभ होताच, जो मुलूख तोवर बहुतांशी निवांत होता तेथे शेकडो धक्के बसू लागले.

पाणी आठ-दहा किलोमीटर खोल असेल, तर ते ओळखावे कसे? कोरडा, अभंग ग्रॅनाइट विजेला विलक्षण विरोध करतो; त्याची रोधकता हजारो ओहम-मीटर भरते, तर क्षारयुक्त पाण्याची एकाहूनही कमी असू शकते. म्हणून खडकाच्या सूक्ष्म भेगांत असे पाणी अगदी थोडे असले, पण त्या भेगा परस्परांशी जोडलेल्या असल्या, तर सबंध थराची रोधकता कमालीची उतरते. भूकंपलहरींवरून मुख्यत्वे खडकाची घनता आणि ताठरपणा उमगतो. पाण्याच्या या बारीक जाळ्याची खूण विजेला अधिक स्पष्टपणे पटते.

इतक्या खोलवर वीज धाडण्याचे सामर्थ्य माणसाच्या यंत्रांत सहजी येत नाही, परंतु निसर्ग ते काम अहोरात्र करीत असतो. जगभर कोठे ना कोठे कडाडणाऱ्या विजा, आणि सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांनी ढवळले जाणारे पृथ्वीचे चुंबकीय आवरण, यांच्या योगाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत अतिसूक्ष्म आंदोलने पावते, आणि त्या आंदोलनांनी भूमीत विद्युत्‌प्रवाह उपजतात. रशियात टिखोनॉव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, एकाच ठिकाणी विद्युत्‌क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, तर खालच्या खडकांच्या रोधकतेचा हिशेब मांडता येतो. द्रुत आंदोलने वरच्या थरांतच विरतात, मंद आंदोलने खोल उतरतात. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात एका सेकंदाचे आंदोलन सुमारे ५ किलोमीटर, तर १०० सेकंदांचे सुमारे ५० किलोमीटर खोल पोचते. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक्स म्हणतात.

प्रत्यक्ष मोजणीत शेतजमिनीत आडव्या-उभ्या दिशांनी काही दशक मीटर अंतरावर विद्युदग्रांची भांडी पुरतात, चुंबकीय आंदोलने टिपणाऱ्या तारांच्या लांबट गुंडाळ्या मातीखाली ठेवतात, आणि नोंदयंत्र कित्येक तास, प्रसंगी दिवसरात्र, चालू राहू देतात. या कामाचा मोठा शत्रू म्हणजे माणसाचीच वीज. उच्च दाबाच्या तारा, विजेवर चालणारी रेल्वे, विहिरींवरचे पंप यांचा गोंगाट निसर्गाच्या क्षीण संकेतांना सहज गिळून टाकतो. ही अडचण आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार असे दिसताच कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारविली आणि दोन्हीकडची निरीक्षणे काही काळ समांतर चालवून जुन्या नोंदींची परंपरा अखंड राखली. आज भूगर्भाची विद्युत्‌चित्रे काढणाऱ्या प्रत्येकाने त्या दूरदृष्टीचे ऋण मान्य करावे, असे मला वाटते.

किल्लारीच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या पथकाने त्या परिसरात अशी मोजणी केली. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, जेथे भूकंपाची नाभी होती त्या भागाखाली सुमारे ६ ते १० किलोमीटर खोलीच्या दरम्यान आजूबाजूच्या खडकांहून कितीतरी सुवाहक असा थर आढळला, आणि त्याचा संबंध त्यांनी खडकात कोंडलेल्या द्रवाशी लावला. दख्खनच्या पठाराचा वरचा काळा कातळ मात्र तेथे फारसा जाड नाही. किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मीटर खोल वेधनात तो ३३८ मीटरांवरच संपला. सुवाहक थराविषयीच्या त्या निष्कर्षाचे मोल मोठे आहे, कारण निर्धास्त समजल्या गेलेल्या भूमीत दुर्बळ जागा कशी असू शकते, याचे भौतिक कारण त्यातून सुचते. तथापि ते सुचते, सिद्ध होत नाही. ग्रॅफाइट, चिकणमातीची खनिजे किंवा धातूंचे सल्फाइड यांनीही रोधकता तितकीच उतरते, आणि खोली वाढेल तसतसे हे चित्र धूसर होत जाते. भूकंपाचा दिवस आणि घटका तर कोणतेही विद्युत्‌चित्र सांगत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे हा त्या शास्त्रावर अन्याय आहे. दुर्बळ जागा कोठे आहेत आणि त्या कशाने दुर्बळ झाल्या, एवढे जरी ते सांगू शकले, तरी दगडमातीच्या जड भिंतींच्या घरांत राहणाऱ्या आपल्या लक्षावधी माणसांसाठी ते थोडे नव्हे.

अशा अनुमानांची फेरतपासणी करण्याचा खरा मार्ग म्हणजे कातळ भेदून खाली जाणे, आणि ते कोयनेस घडत आहे. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला, धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ प्रतीच्या भूकंपात सुमारे २०० माणसे दगावली; त्यानंतरही तो टापू शांत झालेला नाही. तेथील विद्युत्-चुंबकीय सर्वेक्षणांनी काळ्या कातळाची जाडी काही शे मीटरांपासून सुमारे दीड किलोमीटरपर्यंत असावी, असे वर्तविले होते. रासाटी येथे वेधन केले तेव्हा तो ९३३ मीटरांवर संपला; गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटरांपर्यंत नेलेल्या विवरात १,२४७ मीटरांवर; आणि दोन्ही ठिकाणी त्याखाली गाळाच्या खडकांचा थर न लागता थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. उथळ भागापुरती विद्युत्‌चित्राची साक्ष अशी खरी ठरली आहे. कोयनेच्या पुष्कळ भूकंपांच्या नाभी ३ किलोमीटरांहूनही खाली आहेत, आणि तेथील पाण्याचा दाब प्रत्यक्ष मोजण्यासाठी याहून खोल विवर खणावे लागेल.