मोजकी शिदोरी, लांबचा प्रवास



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या हद्दीवरून वाहणारी गोदावरी, तेच आपलं मोठं पाणी. मग समुद्रातल्या होडीची गोष्ट आपल्याला कशाला, असं कुणी विचारील. पण दोन हंड्यांत दिवस कसा काढायचा, हे बालाघाटावरच्या माणसाइतकंच लहान होडीतल्या खलाशालाही ठाऊक असतं. समुद्राचं पाणी प्यावं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीर त्याहून जास्त पाणी खर्च करतं आणि तहान वाढते. म्हणून गोडं पाणी मोजून प्यायचं, भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची, आणि पाऊस आला की शिडावरून ओघळणारी धार भांड्यात धरायची.

केनिची होरिए नावाचे जपानी गृहस्थ २०२२ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून एकटे निघाले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून ६९ दिवसांनी जपानला पोचले. त्यांची शिडाची होडी जेमतेम १९ फुटी! आपल्याकडं बैल जुंपून उभ्या केलेल्या गाडीहून ती फारशी लांब नाही.

या वयात हे कसं जमतं? अंगातलं बळ कमी झालं, तरी कामाची रीत हाताशी असते. शिडाचा दोर एका कप्पीऐवजी दोनतीन कप्प्यांतून ओवला, की तेच ओझं थोड्या जोरात उचलतं. दोर मात्र जास्त ओढावा लागतो. सुकाणूला वाऱ्यावर फिरणारं पातं जोडलं, की वाऱ्याच्या मानानं होडी आपली दिशा धरून राहते आणि माणसाला डुलकी काढता येते. शहाणा खलाशी वारा चढण्याआधीच शीड आखूड करतो. फाटलं तर शिवायचं, मोडलं तर सांधायचं. भर समुद्रात सुतार कुठून येणार? म्हणून होडीत वस्तू थोड्या, पण प्रत्येक वस्तू दुरुस्त करता येईल अशी.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक उदाहरण घ्या. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी १९८३ साली नौदलातून निवृत्त झाले आणि पुढं सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले. भारतीय माणसानं शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना मार्गी लावली. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली. तिचे कप्तान दिलीप दोंदे बांधणीच्या वेळीच हजर राहून तिचा सांधा न् सांधा शिकले. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आवटी २०१८ साली विंचुर्णीलाच वारले.

आता आपल्या गावाकडं वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तरणी माणसं कारखान्यावर जातात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि कित्येक ठिकाणी नातवंडं. त्यांना कुणी स्वावलंबी म्हणून मोकळं होऊ नये. खलाशी स्वतःच्या मर्जीनं, महिनोन् महिने तयारी करून एकटा निघतो. होरिएदेखील रोज उपग्रह-फोनवरून घरच्यांशी बोलत होते. तेव्हा टोळी निघण्याआधी घरातली ‘होडी’ही तयार करावी. धान्य-सरपण भरून ठेवावं, औषधं महिन्याच्या हिशेबानं आणावीत, विहिरीवरची कप्पी नि दोर तपासावा, आणि रोज सांजच्याला कोणता शेजारी डोकावेल ते ठरवावं.

शिक्षकांनी तर शाळेत एक कप्पी आणि दोन कप्प्या टांगून मुलांकडून तेच ओझं उचलवून घ्यावं. मुलं घरी जाऊन आजीला सांगतील, आणि आजीच्या पोहऱ्याचा भार हलका होईल.