येरवड्यातलं अंगण

पुण्यात एखाद्याचं डोकं फिरलंय असं वाटलं की लोक सहज बोलून जातात, 'याला येरवड्याला पाठवा.' येरवडा म्हणजे एक तर तुरुंग, नाही तर मनोरुग्णालय. आपला पिणारा मुलगा किंवा गर्दुल्ला भाऊ घेऊन अशा पत्त्यावर यायचं, तर आधी घरच्यांनाच लाज गिळावी लागे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांचं 'मुक्तांगण' सुरू झालं. अनिल अवचटांच्या लेखनातून त्या महाराष्ट्राला सुनंदा म्हणून माहीत आहेत. व्यसनाच्या दवाखान्याला अंगण म्हणावं, यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

त्या काळात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरात पसरत होती. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि वितळून सरकणाऱ्या थेंबाचा धूर नळीनं ओढायचा. पाहणाऱ्याला काही कळतही नसे. मग एक दिवस पुडी मिळाली नाही की टर्की सुरू. नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी दुखणारी पाठ, जुलाब आणि झोप नाही म्हणजे नाही. त्या यातना टाळायला पोरं आईची पाटली विकत. अनिल अवचटांनी या पोरांमध्ये बसून 'गर्द' लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातून एक लाख रुपये दिले. सुनंदा त्याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पैसे, जागा आणि डॉक्टर असा योग जुळून आला.

पण गर्द काय किंवा दारू काय, शरीरातून उतरवणं हा कामाचा सोपा भाग. औषधं असतात, काही दिवसांत हात थरथरायचे थांबतात, भूक लागते. खरा प्रश्न त्यानंतरचा. पेशंट घरी जातो, तिथे तोच गुत्ता, तेच मित्र आणि संध्याकाळी सातची तीच वेळ. म्हणून मुक्तांगणचे उपचार ३५ दिवसांचे. योगासनं, श्रमदान, गटात बसून बोलणं, स्वतःच्या आयुष्याकडे न चुकवता बघणं. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसनं रुजवलेली 'फक्त आजचा दिवस' ही रीत इथेही आहे. जन्मभर दारू सोडायची म्हटलं की माणसाची छाती दडपते. आज रात्री झोपेपर्यंत प्यायची नाही, एवढं मात्र कुणालाही पेलण्यासारखं वाटतं.

सुनंदांचा मला सगळ्यात धाडसी वाटणारा निर्णय म्हणजे बरे झालेले पेशंटच त्यांनी कामाला घेतले. ज्याच्या हाती घरची माणसं दहा रुपयेही देत नव्हती, त्याच्यावर वॉर्ड सोपवायचा! पण नव्या पेशंटची प्रत्येक थाप या माणसानं स्वतः कधीतरी मारलेली असते. त्यामुळे त्याला फसवता येत नाही, आणि तो तुच्छतेनं वागतही नाही. टर्कीत तळमळणाऱ्या मुलाशेजारी रात्री बसलेला माणूस 'मीपण याच खाटेवर होतो' असं म्हणतो, तेव्हा डॉक्टरच्या शब्दांहून त्या वाक्याचं वजन जास्त असतं.

घसरण व्हायचीच. पुन्हा पिऊन आलेल्याला दार बंद नसायचं. व्यसन हा आजार आहे हे एकदा मान्य केलं, तर आजार उलटला म्हणून पेशंटला हाकलता येत नाही. हे बोलायला सोपं आहे. तोच चेहरा पुन्हा दारात उभा असताना तसं वागणं मात्र कठीण, आणि सुनंदांनी ते संस्थेच्या अंगवळणी पाडलं.

पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. नवऱ्याच्या खिशाचा वास घेणारी, देणेकऱ्यांना दारातून परतवणारी, पोरांना 'बाबांना बरं नाहीये' असं सांगणारी ही बाई. नवरा सुटला तरी दाराची कडी वाजली की तिच्या पोटात गोळा येतोच. दारू तिनं कधी प्यायलेली नसते, आजार मात्र तिलाही झालेला असतो.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी कर्करोगानं सुनंदा गेल्या. पुढे धुरा सांभाळली त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी. पेशंटचे 'बाबा' झालेले अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. संस्था आता मनोरुग्णालयाच्या आवारात नाही, आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत तिची स्वतःची इमारत आहे.

तिथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. पुरुषाला उपचाराला आणायला आई येते, बायको येते, कधी बहीण येते. पिणाऱ्या बाईला मात्र घर आधी लपवतं, मग टाकतं. तिला धरून आणणारं बरेचदा कुणीच नसतं. म्हणून ती एकटी फाटकाशी आली तरी तिच्यासाठी आत एक खाट असायला हवी होती. आता ती आहे.