शंभर फुटांचं दार

मुंबईला नैसर्गिक बंदर लाभलंय, असं शाळेच्या पुस्तकापासून सगळे सांगतात. ते निम्मंच खरं आहे. मुंबईची बेटं आणि समोरचा उरणचा किनारा यांच्यामधलं पाणी शांत असतं. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा कुलाब्याच्या आड राहतात आणि जहाजाला नांगर टाकून निर्धास्त उभं राहता येतं. पण जहाज उभं राहणं वेगळं आणि त्यातला माल जमिनीवर येणं वेगळं. बेटांचा पूर्वकिनारा म्हणजे उथळ चिखल. ओहोटीला तिथे होड्या गाळात रुतून बसायच्या. जहाज आणि जमीन यांच्यामधला हा पट्टा ओलांडायचा कसा, या प्रश्नाला तीन काळांत तीन उत्तरं मिळाली आणि प्रत्येक उत्तरासरशी शहरातली वस्ती, धंदे आणि रोजगार बदलले. ती समजून घ्यायला वऱ्हाडातून निघालेली कापसाची एक गाठ सोबत घेऊ. परदेशी जाणाऱ्या गाठीचा रस्ता उलट्या दिशेचा असला, तरी अडथळा तोच.

राजकीय इतिहास थोडक्यात आटोपतो. 1661च्या विवाहकराराने पोर्तुगिजांकडून ही बेटं इंग्लंडच्या राजाकडे आली. 1668मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. 1687मध्ये कंपनीने आपलं मुख्य ठाणं सुरतेहून इथे हलवलं. पुढे सुरतेचेच लवजी नसरवानजी वाडिया जहाजबांधणीसाठी आले आणि 1750मध्ये इथे दुरुस्तीची कोरडी गोदी तयार झाली. वाडिया घराण्याने सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे 1817चं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. म्हणजे जहाज बांधायची आणि डागडुजी करायची सोय मुंबईत लवकर झाली. माल चढवायची सोय मात्र पुढची सव्वाशे वर्षं जवळजवळ नव्हतीच.

रेल्वेच्या आधी आपली गाठ बैलांच्या आधाराने घाट उतरायची. कापसाचा बाजार तेव्हा कोटात (फोर्टमध्ये), सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. तिथून गाठ हमालाच्या पाठीवर बंदरात जायची. बंदर म्हणजे चिखलात घातलेला दगडी धक्का. त्याला पडाव किंवा मचवा, म्हणजे माल वाहणारी होडी, लागायची, तीही भरती असेल तेव्हाच. मुंबईत भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिराने. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो, भांगेच्या दिवसांत तो बराच कमी असतो. त्यामुळे बंदरातल्या कामाचे तास घड्याळापेक्षा तिथीवर ठरायचे. पडाव भरला की तो खोल पाण्यातल्या जहाजापर्यंत न्यायचा, गाठ पुन्हा उचलायची, जहाजाच्या पोटात उतरवायची. एका गाठीची अशी चार-पाच वेळा उचलाउचल व्हायची आणि दर उचलीला भिजण्याचा, फाटण्याचा आणि चोरीचा धोका असायचा. चीनला जाणारा कापूस आणि माळव्याची अफू याच वाटेने गेली. जमशेटजी जीजीभाईंसारख्या व्यापाऱ्यांचे पैसे त्यातूनच उभे राहिले. मुंबईच्या दानशूरतेचा इतिहास लिहिताना अफूचं पान बहुतेक वेळा उलटून टाकलं जातं. ते उलटू नये.

पडावांचं हे पहिलं उत्तर मोडलं ते तीन गोष्टींनी. बोरीबंदर-ठाणे रेल्वे 1853मध्ये सुरू झाली, 1863मध्ये बोरघाट पार झाला, आणि 1867पर्यंत रूळ नागपूरला टेकले. बैलांनी महिनोन्‌महिने आणलेला माल आता दिवसांत दारात येऊन पडू लागला. दुसरी गोष्ट, 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. त्या पैशाच्या पुरात समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर किती चढले आणि युद्ध संपताच कसे कोसळले, ही कथा अनेकांनी सांगितली आहे. तिसरी गोष्ट तितकी चर्चेत नसते, पण माझ्या मते तीच निर्णायक. 1869मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आगबोटी थेट येऊ लागल्या. शिडाचं जहाज आठवडाभर नांगरावर राहिलं तरी मालक फारसा कुरकुरत नसे. आगबोटीत भांडवल मोठं अडकलेलं. ती रिकामी उभी राहिली की रोज नुकसान.

पण धक्के होते कोणाचे? बरेचसे खासगी. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने किनारा बुजवून धक्के बांधले होते आणि बंदराच्या दाराची किल्लीच तिच्या हातात जाते की काय, अशी सरकारला धास्ती वाटली. 1870मध्ये सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि 1873मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टला बंदराचं शुल्क आणि भाडं घेण्याचा हक्क होताच, शिवाय किनाऱ्याची जमीन आणि समुद्र बुजवून नवी जमीन तयार करण्याचाही होता. पुढच्या दीडशे वर्षांच्या घडामोडींचं मूळ या दुसऱ्या हक्कात आहे.

आता दुसरं उत्तर: बंद गोदी. ससून कंपनीने कुलाब्याला 1875मध्ये पहिली बांधली. चार वर्षांत ती ट्रस्टने घेतली. (आज तिथे मासळी उतरते आणि पहाटे कोळणींची लगबग असते.) त्यामागोमाग 1880मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1888मध्ये व्हिक्टोरिया डॉक आले. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली जुन्या जंगलातल्या झाडांचे बुंधे मिळाले, त्यातले कित्येक उभेच. इथली जमीन कधीतरी खचली होती, याचा तो पुरावा.

बंद गोदीची युक्ती अशी. किनाऱ्यात मोठा खड्डा खणायचा, भिंती दगडाच्या बांधायच्या आणि समुद्राकडे जाड दारं बसवायची. भरती पूर्ण चढली की दारं उघडायची, जहाजं आत घ्यायची आणि पाणी उतरायच्या आत दारं लावायची. बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी चढलेलंच राहतं. जहाज धक्क्याला टेकून एका पातळीत उभं राहतं, त्यामुळे यारीने (क्रेनने) थेट शेडमध्ये माल उतरवता येतो. पडाव गेले, मधली उचलाउचल गेली. पण प्रिन्सेस आणि व्हिक्टोरियाची दारं भरतीच्या सुमारासच उघडायची. भरती चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबायचं.

1914मध्ये उघडलेल्या अलेक्झांड्रा डॉकमध्ये (आजची इंदिरा गोदी) हीही अडचण बरीच सुटली, ती लॉकमुळे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली अरुंद, लांबट कोठी. समुद्राकडचं दार उघडून जहाज आत घ्यायचं आणि ते दार लावायचं. मग झडपांतून पाणी सोडून कोठीतली पातळी गोदीइतकी चढवायची आणि गोदीकडचं दार उघडायचं. बाहेर जाताना हेच उलट. इंदिरा गोदीचं लॉक 750 फूट लांब आणि 100 फूट रुंद आहे. त्या काळी हे माप भव्य मानलं गेलं. खोदकामातून निघालेल्या मातीने शेजारचा समुद्र बुजवला आणि त्या बावीस एकरांवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गोदी बांधायचा खर्च करता करता ट्रस्टने भाड्याने द्यायला एक आखीव-रेखीव वस्तीच तयार केली.

1915मध्ये ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली, बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत. माझगाव-शिवडीचा किनारा बुजवून धान्याच्या आणि कापसाच्या वखारी तिथे गेल्या. कापसाचा बाजार आधी कोटातून कुलाब्याला गेला होता, तो आता आजच्या कॉटन ग्रीन स्टेशनाजवळ आला. आपली गाठ, पक्की दाबलेली आणि सुमारे 178 किलोची, अमरावतीहून वाघिणीत चढली की शहराच्या रस्त्याला न लागता वखारीत आणि तिथून गोदीत पोहोचू लागली.

यंत्रं आली तरी माणूस संपला नाही. जहाजाच्या पोटात, म्हणजे हॅचखाली, स्टिव्हेडोर कंपनीची माणसं गाठी रचायची. धक्क्यावर टोळीवाल्याने आणलेली टोळी. यारीच्या आकड्याने दोन्हींच्या कामाची हद्द ठरायची: आकड्याच्या जहाजाकडचं काम स्टिव्हेडोरच्या माणसांचं, धक्क्याकडचं टोळीचं. सकाळी दाराशी गर्दी जमायची, मुकादम हवे तेवढे निवडायचा, बाकीचे घरी. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारोंचं आयुष्य या निवडीवर टांगलेलं असायचं. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या संघटनांनी ही निवडीची पद्धत मोडून काढायचा हट्ट धरला. 1948चा गोदी कामगारांचा कायदा आणि 1951मध्ये स्थापन झालेलं मुंबईचं गोदी कामगार मंडळ यांमुळे नोंदलेल्या कामगारांना पाळीने काम आणि काम नसलेल्या दिवशी हजेरीचा भत्ता मिळू लागला. जुना फ्रियर रोड आज डिमेलोंच्या नावाने ओळखला जातो. गोदीबाहेरच्या बाजारातल्या हमालांना असंच संरक्षण मिळायला 1969चा माथाडी कायदा यावा लागला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती.

बंद गोदीचे तोटेही शहराने भोगले. 1896च्या प्लेगचा पहिला फैलाव गोदीलगतच्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या दाटीत झाला. तो ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. आणि 14 एप्रिल 1944ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्यात स्फोटकं होती, कराचीत चढवलेला कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापसाच्या गाठी आतून धुमसत राहतात, वरून पाणी मारून विझत नाहीत. चिंचोळं दार आणि आजूबाजूला खेटून उभी जहाजं, अशा जागेतून पेटलेलं जहाज बाहेर काढायचं कसं? दुपारी चारनंतर लागोपाठ दोन स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. पुढे गाळ उपसताना सोन्याच्या विटा मिळत राहिल्या, अगदी 2011पर्यंत.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कराची गेली आणि मुंबईवरचा बोजा वाढला. कराचीची भरपाई म्हणून पुढे कांडला बांधलं, तरी धान्य, यंत्रं आणि तेल मुंबईतच उतरत राहिलं. ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. सत्ता बदलली, पण धक्के, शेड, लॉक आणि ट्रस्टची जमीन तशीच राहिली.

बदल झाला तो कंटेनरने. वीस किंवा चाळीस फूट लांबीची पोलादी पेटी कारखान्यातच भरतात, तिला सील ठोकतात आणि ती गिऱ्हाइकाच्या दारात उघडते. बंदरात बहुतेक वेळा आत काय आहे ते कोणी उघडून बघतही नाही. यारी वरून चार कोपरे पकडते आणि मिनिटा-दोन मिनिटांत पेटी जहाजावर. या पद्धतीत धक्क्याला लागून शेड नको, त्यामागे मैलभर मोकळं अंगण हवं. हॅचमधली टोळी नको. आणि जहाज जितकं मोठं तितकी पेटीमागची किंमत कमी, म्हणून जहाजं वाढत गेली. इथे इंदिरा गोदीचं नशीब आडवं आलं. तीही 1914ची आणि पनामा कालवाही 1914चा. पनामाच्या मूळ लॉकची रुंदी 110 फूट. जगातल्या जहाजबांधणाऱ्यांनी त्याच मापाला धरून जहाजं बांधली, साधारण 106 फूट रुंदीची. मुंबईचं दार 100 फुटांचं. ही जहाजं त्यातून शिरतच नाहीत. बॅलार्ड पियरचा धक्का वाढवून गोदीबाहेर काही काळ काम चाललं, पण मागे अंगण कुठे होतं? शहर धक्क्याला येऊन खेटलं होतं.

म्हणून तिसरं उत्तर खाडीपलीकडे शोधलं गेलं. न्हावा-शेवाचं बंदर 1989मध्ये सुरू झालं आणि आज देशातल्या प्रमुख बंदरांवरचे जवळजवळ निम्मे कंटेनर तिथून हलतात. अंगणाला लागणारी जमीन आली ती उरण-पनवेलच्या आगरी-कोळी गावांची, भातखाचरं आणि मिठागरं मिळून. भावाच्या प्रश्नावर जानेवारी 1984मध्ये जासई-दास्तान परिसरात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली.

जुन्या बाजूला काय झालं? मशीद बंदर-मांडवीचे घाऊक बाजार वाशीला आणि लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या बुजवून समुद्रात नवं कंटेनर टर्मिनल करायची योजना होती. गोद्या बुजल्या, टर्मिनल ठरल्याप्रमाणे चाललं नाही, आणि आता तिथून प्रामुख्याने मोटारी आणि पोलाद चढतं. कुलाबा ते वडाळा या पट्ट्यात पोर्ट ट्रस्टकडे (2021च्या कायद्यानंतर मुंबई पोर्ट ॲथॉरिटीकडे) शेकडो एकर जमीन उरली आहे. तिचं काय करायचं यावर समित्या झाल्या, आराखडे झाले. शिवडीहून निघणारा अटल सेतू 2024मध्ये खुला झाला आणि या जमिनीची किंमत आणखी चढली. वखारींच्या भिंती पाडून मनोरे उभे राहतील की किनारा सामान्य माणसासाठी मोकळा होईल, हे अजून ठरायचं आहे.

दरम्यान न्हावा-शेवाही पुरेनासं झालं म्हणून ऑगस्ट 2024मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथे तर अंगणसुद्धा समुद्रात भर घालून करायचं आहे. डहाणूच्या मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षांपासून विरोध आहे. वाढवणवर मत बनवण्याआधी वाचकांनी न्हावा-शेवाचा 1984चा जानेवारी एकदा नीट वाचावा, आणि आपल्या लोकप्रतिनिधींनाही तो वाचायला सांगावा.