माईक डाव्या सीटचा

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे गिअर टाकायचा तो डाव्या हाताने, आणि गाडीत वायरलेसचा सेट बसवला की माईक उचलायचा तोही डाव्याच हाताने, कारण सेट बहुधा डॅशबोर्डच्या मध्यावर बसतो. माईक डाव्या हातात असताना पुढे अचानक बैलगाडी आली तर गिअर कोण बदलणार? माईक उजव्या हातात घेतला, तर त्याची वेटोळ्याची वायर स्टिअरिंगवर आडवी येते आणि वळणावर मनगटाला अडकते. सेटबरोबर येणारी माहितीपुस्तिका सहसा परदेशात लिहिलेली असते. तिला आपला गिअरचा दांडा ठाऊक नसतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपला एका गॅरेजसमोर, जीपचं बॉनेट उघडून सेट बसवण्याचं काम चाललं होतं, तिथे ही गोष्ट कारागिराच्या तोंडून पहिल्याच पाच मिनिटांत ऐकायला मिळाली.

कारागीर सोलापूरहून आलेला. हाताखाली गावातलाच एक पोरगा. पोराने लाल-काळी वायर बॅटरीपासून आत ओढून घेतली होती आणि फ्यूज सेटच्या मागे लावून मोकळा झाला होता.

"फ्यूज कुठं टाकलास?"

"सेटपाशी टाकलोय की, दादा."

"मग मधल्या मधी वायर पत्र्याला घासली, तर तुझा फ्यूज काय करणार तिथं बसून? बॅटरीपाशी टाक. वीतभर अंतरावर. आणि काळ्या वायरलाबी टाक."

पोराने मुकाट्याने वायर परत ओढली. मुद्दा साधा आहे. फ्यूज सेटला वाचवायला असतो तसाच वायरलाही वाचवायला असतो, आणि वायर इंजिनाच्या गरम भागातून, पत्र्याच्या धारदार भोकातून जाते. २५ वॅटचा सेट ऐकताना एक अँपिअरही घेत नाही, पण बोलायला बटण दाबलं की पाच-सात अँपिअर खेचतो. म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटातून किंवा टेपच्या वायरीतून त्याला वीज द्यायची नाही, सरळ बॅटरीवरून द्यायची. भोकातून वायर घेताना रबरी बुच घालायचं. हे बुच दहा-वीस रुपयांना मिळतं आणि नेमकं तेच बसवायचं राहतं.

खरी रस्सीखेच झाली ती अँटेनावरून. कारागिराचं म्हणणं, अँटेना टपाच्या मधोमध. मालकाचं म्हणणं, नव्या गाडीला भोक पाडायचं नाही. दोघांचंही खरं. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या सेटला पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे अर्धा मीटर उंचीची दांडी लागते आणि तिच्या पायाशी चहूबाजूंना सारखा पत्रा असला की आवाज चहूकडे सारखा जातो. दांडी बंपरला बांधली तर एका बाजूला जोर आणि दुसऱ्या बाजूला मुका. शिवाय टपावर असली की आतली माणसं पत्र्याखाली राहतात. बोलताना दांडीतून निघणारी ऊर्जा त्यांच्या अंगावर फारशी येत नाही. बंपरवरच्या दांडीला मात्र पोरंटोरं हात लावतात, आणि त्याच क्षणी कुणी आत बटण दाबलं तर बोटाला चटका बसू शकतो. शेवटी भोक पडलं. मालक तेवढ्यापुरते चहाला गेले होते.

मग मीटर लावून परीक्षा. सेटमधून निघालेली ताकद दांडीतून बाहेर पडते की उलटी परत येते, हे त्या मीटरवर कळतं. काटा दीडच्या खाली राहिला तर काम चोख. अँटेना न जोडता 'लागतोय का बघू' म्हणून बटण दाबणाऱ्यावर कारागीर ज्या शब्दांत घसरतो ते इथे छापण्यासारखे नाहीत, पण कारण छापण्यासारखं आहे. गेलेली ताकद परत येते आणि सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर भाजून काढू शकते.

माईकची खुंटी कुठे ठोकायची, इथे त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. चालकाच्या सीटवर बसून पाहिलं, डाव्या सीटवर बसून पाहिलं, दार उघडून-मिटून पाहिलं. नव्या गाड्यांत डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. ती फुटते तेव्हा तिच्या वाटेत असलेली प्रत्येक वस्तू माणसाच्या तोंडावर येते, म्हणून ती जागा सोडायची. गुडघा आदळेल ती जागा सोडायची. गिअरच्या दांड्यात वायर अडकेल ती जागाही सोडायची. उरते ती डाव्या सीटच्या गुडघ्याच्या वर, किंचित दाराकडची जागा. चालकाचा हात तिथवर सहज पोचत नाही. कारागिराला तेच हवं होतं. "माईक डाव्या सीटचा असतोय," तो म्हणाला. माझ्या मते या सगळ्या कामातलं हे एक वाक्य बाकी सगळ्या सूचनांच्या वरचं आहे.

ते का, हे या भागात रात्री फिरल्यावर पटतं. सोलापूर-विजयपूर महामार्गाचा हा पट्टा. हत्तूर, सीनेवरचं वडकबाळ, मंद्रूप, तेरामैल, मग टाकळीचा भीमेवरचा पूल आणि पलीकडे कर्नाटक. मोहोळकडून कामतीवरून येणारी वाहतूकही इकडेच येऊन मिळते. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही अंगांनी बाहेर आलेले, मागचा दिवा असला तर असला, आणि चालकाच्या डोक्याशी कर्ण्यावर गाणी. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ पावणेसतरा मीटर पुढे जाते. माईक शोधायला नजर तीन सेकंद खाली गेली, की ५० मीटर रस्ता न बघता गेला. एवढ्या अंतरात दोन ट्रॉल्यांसकट आख्खा ट्रॅक्टर मावतो.

त्या जीपमधून मी रात्री फिरलो तेव्हा डाव्या सीटवर एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मांडीवर वही, कानामागे पेन, माईक खुंटीवर. कंट्रोल रूमची हाक आली की मामा आधी वहीत वेळ लिहीत, मग माईक काढत, बटण दाबत आणि क्षणभर गप्प बसत. बोलायला सुरुवात त्यानंतर. हा क्षणभराचा थांबा नवशिक्यांना जमत नाही. बटण दाबल्यावर सेट ऐकण्यातून बोलण्यात बदलतो, उंचावर बसवलेला, आवाज पुढे पाठवणारा रिपीटर जागा होतो, तेवढ्यात बोललेली पहिली एक-दोन अक्षरं गिळली जातात. 'तेरामैलला आहोत' म्हटलं की पलीकडे 'मैलला आहोत' एवढंच पोचतं, आणि मग 'कुठल्या मैलाला?' हे विचारण्यात पुढचं मिनिट जातं. मामा तोंड माईकच्या थोडं बाजूला ठेवत, ओरडत नसत. ओरडलं की आवाज फाटतो. गाडीचा नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सुटा. पंधरा आणि पन्नास खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून 'एक पाच' आणि 'पाच शून्य'.

फोनपेक्षा हे यंत्र वेगळं कुठे आहे, तर इथे एका वेळी एकच जण बोलतो. बटण दाबणाऱ्याला त्या वेळात काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे बोलणं आपोआप तोकडं होतं, आणि अशा यंत्राबद्दल एक अनपेक्षित गोष्ट अमेरिकेत दिसून आली. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने ट्रकांमध्ये कॅमेरे बसवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. गाडी चालवताना फोनवर मजकूर टाइप करणाऱ्या ट्रकचालकांचा अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका सुमारे २३ पट निघाला. माल कुठे पोचवायचा हे सांगणारा पडदा बघण्याने तो सुमारे १० पट झाला. सीबी रेडिओवर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या वायरलेसवर, बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र धोका वाढलेला दिसला नाही, उलट काहीसा कमी दिसला. लांब रस्त्यावर झोप उडवायला तो आवाज उपयोगी पडला असणार. म्हणजे घात करते ती मुख्यतः खाली गेलेली नजर.

हे आकडे आपल्याकडे आज जास्त महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ या क्रमांकाची व्यवस्था सुरू झाली आणि पोलिसांच्या गाड्यांमध्ये जुन्या वायरलेसच्या जोडीला पडदा आला. हाक कानाने ऐकायची असते, पडदा डोळ्यांनीच वाचावा लागतो. गाडीत दोन माणसं असतील तर प्रश्न नाही, वाचणारा वेगळा. एकटाच चालक असेल तर पडदा आणि रस्ता यांतलं एकच त्याला बघता येईल.

कायद्यानेही २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये हातात धरायच्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात धरला आहे. दंड एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, कैदही होऊ शकते. लोक समजतात ते फक्त मोबाईलचं कलम आहे. शब्द 'संपर्कसाधन' असा आहे, आणि हातात घेतलेला माईक त्यातून सुटतो असं मला तरी वाटत नाही.

आता एक धोका असा, की जो शहरातल्या माणसाच्या ध्यानातही येणार नाही. दक्षिण सोलापुरात विहिरी खोदणं हे बारमाही काम. वरची काळी माती संपली की खाली पाषाण लागतो, मग कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो, भोकं पाडली जातात आणि सुरुंग भरले जातात. वीज देऊन उडवायच्या डिटोनेटरवर २०२५ पासून बंदी आली असली, तरी जुने कुठे वापरात असतील तर त्यांना दोन लांब तारा असतात. जवळच कुणी जोरकस सेटवर बटण दाबलं तर त्या ताराच अँटेनाचं काम करतात, त्यांत वीज उतरते आणि सुरुंग वेळेआधी उडू शकतो. म्हणून सुरुंग भरलेल्या विहिरीपाशी किंवा खडीच्या खाणीपाशी गाडी नेताना नुसतं गप्प राहून भागत नाही, सेट मुळातूनच बंद करायचा. चुकून गुडघ्याने बटण दाबलं गेलं तरी तो बोलता कामा नये. पेट्रोल पंपावरही तोच नेम. मामांचा हात पंपाच्या पाटीआधीच बटणाकडे जायचा, चालकाला सांगावं लागत नसे.

गुडघ्याने दबलेल्या बटणाची आणखी एक तऱ्हा आहे. माईक खुंटीवर न लावता सीटवर टाकला, त्यावर कुणी बसलं, की तो अखंड बोलत राहतो. त्या चॅनेलवर तेवढा वेळ दुसऱ्या कुणालाच नीट बोलता येत नाही, कारण जोरकस लाट कमकुवत लाटेला गिळून टाकते. तालुकाभर मग त्या गाडीतल्या गप्पा, शिव्या आणि उधारीचे हिशेब ऐकू येतात. ऐकणाऱ्यांची करमणूक होते, पण त्याच वेळी कुठे अपघात झाला असेल तर त्याची खबर बाहेरच थांबते. चांगल्या सेटमध्ये मिनिटभराने बोलणं आपोआप तोडायची सोय असते. ती चालू आहे की नाही हे बसवतानाच पाहून घ्यावं.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि हत्तूर-वडकबाळच्या बाजूने विजयपूरचा रस्ता बंद करावा लागला. अशा दिवसांत पूल कुठल्या बाजूने बंद, पाणी किती चढलं, गाड्या कुठून वळवायच्या हे एकाने सांगितलं की त्याच वेळी सगळ्यांनी ऐकणं गरजेचं असतं. फोनवर तेच दहा जणांना दहादा सांगावं लागतं. वायरलेस अजून टिकून आहे तो याच गुणामुळे, आणि पुराच्या पाण्याजवळ अंधारात गाडी चालवणाऱ्याच्या हातात माईक नसणं तेव्हाच सगळ्यात जरुरीचं असतं. वीज कडाडत असेल तर मात्र मामाही बोलणं आवरतं घेत. वळवाच्या पावसात उघड्या माळावर टपावरची दांडी हीच आसपासची उंच वस्तू असते.

हल्ली ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी मिळतात आणि ऊसवाहतूक करणारे, बोअरवाले, मंडपवाले ते घेऊ पाहतात. घेण्याआधी एवढं पाहा. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट विनापरवाना चालतात, बाकीच्या बहुतेकांना परवाना लागतो, आणि पोलिसांच्या चॅनेलवर शिरणारा सेट बाळगणं महागात पडू शकतं. सेट घेतलात तर तो क्लीनरच्या हातात द्या. ट्रॅक्टरवर क्लीनर नसेल, तर हाक आली तरी ती वाजू द्या, ट्रॅक्टर पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घ्या, मागचे दिवे लावा आणि मग उत्तर द्या.