त्वचापूरक इंजेक्शनांनंतरची सूज व रक्त साकळणे : स्वाभाविक प्रतिक्रिया आणि धोक्याची लक्षणे

प्रस्तावना :
चेहऱ्यावरील सुरकुत्या भरून काढणे, ओठांना उठाव देणे किंवा बसलेल्या गालांना गोलाई आणणे यांसाठी त्वचेत पूरक द्रव्ये टोचली जातात. व्यवहारात त्यांना ‘फिलर’ म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ मध्ये गुरांच्या कातडीपासून मिळविलेल्या कोलॅजेनच्या फिलरला मान्यता दिली. २००३ मध्ये ‘रेस्टिलेन’ या हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाली व पुढे याच वर्गाचा वापर सर्वाधिक होऊ लागला. इंजेक्शननंतर सूज येणे व काळेनिळे डाग पडणे हे नेहमीचे परिणाम असून ते बहुधा आपोआप नाहीसे होतात. मात्र ‘सूज तर येणारच’ या समजुतीमुळे क्वचित उद्भवणाऱ्या गंभीर गुंतागुंतीकडेही दुर्लक्ष होऊ शकते. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूज येण्याची कारणे :
सुईमुळे ऊतींना इजा होताच हिस्टामिनसारखी रसायने स्रवतात, केशवाहिन्या सैलावतात आणि रक्तद्रव आसपासच्या ऊतींत झिरपतो. दुसरे कारण द्रव्याच्या गुणधर्मात आहे. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यातील काचद्रवातून वेगळे केलेले हायल्युरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवते. त्यामुळे टोचलेला भाग आरंभी अपेक्षेपेक्षा अधिक फुगीर दिसतो. ही सूज साधारणतः पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते व एक-दोन आठवड्यांत ओसरते. ओठ व डोळ्यांखालील त्वचा नाजूक असल्याने तेथे ती अधिक जाणवते.

रक्त साकळण्याची प्रक्रिया :
सुईने सूक्ष्म रक्तवाहिनी छेदली गेल्यास रक्त त्वचेखाली पसरते. हिमोग्लोबिनचे विघटन होताना प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व नंतर पिवळे बिलिरुबिन तयार होते. म्हणूनच डाग निळसर, हिरवट व पिवळसर असा रंग पालटत सुमारे दोन आठवड्यांत मावळतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन तसेच माशाच्या तेलाच्या गोळ्या यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. तथापि हृदयविकारासाठी दिलेले ॲस्पिरिन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करणे धोक्याचे ठरते. बोथट टोकाची नळी वापरल्यास, तसेच टोचल्यानंतर थंड शेक दिल्यास डागांचे प्रमाण कमी राखता येते.

धोक्याची लक्षणे :
फिलर रोहिणीत शिरल्यास किंवा बाहेरून तिच्यावर दाब आल्यास रक्तपुरवठा खंडित होतो. नाक व भुवयांमधील भाग या दृष्टीने विशेष जोखमीचे आहेत. साधा डाग टोचलेल्या जागेभोवती असतो. रोहिणी अडल्यास मात्र तिच्या संपूर्ण क्षेत्रातील त्वचा आधी फिकट पडते व नंतर तीवर जांभळट, जाळीदार नक्षी उमटते. बोटाने दाबून सोडल्यावर रंग सावकाश परततो. तीव्र वेदना हे महत्त्वाचे लक्षण असले, तरी अनेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिरक मिसळलेले असल्याने वेदना नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन लक्षात येत नाही. भारतीय रुग्णांच्या बाबतीत ही बाब विशेष ध्यानात ठेवावी लागते. अशा वेळी बर्फ लावल्यास वाहिन्या अधिकच आकुंचन पावतात. नजर अंधुक होणे ही तर तातडीची वैद्यकीय आपत्ती होय, कारण रक्त न मिळाल्यास दृष्टिपटलाची कायमची हानी तास-दीड तासातच होऊ शकते.

हायल्युरोनिडेज हे विकर हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर विरघळवते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटसारख्या अन्य फिलरवर ते परिणामकारक नाही. म्हणून कोणते द्रव्य टोचले जाणार आहे आणि हे विकर तेथे उपलब्ध आहे काय, हे दोन प्रश्न उपचारापूर्वीच विचारले जाणे आवश्यक आहे. सुईविना दाबाने फिलर सोडणाऱ्या उपकरणांच्या वापराविरुद्ध अमेरिकी प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इशारा दिला होता.

उशिरा येणारी सूज :
काही वेळा आठवड्यांनी वा महिन्यांनी, संसर्ग किंवा लसीकरणाच्या निमित्ताने, रोगप्रतिकारक यंत्रणा उद्दीपित होऊन फिलरच्या जागी सूज येते. मॉडर्नाच्या कोविड लसीच्या डिसेंबर २०२० मधील आढाव्यात फिलर घेतलेल्या अगदी मोजक्या व्यक्तींमध्ये अशी सूज नोंदविली गेली. ती उपचाराने बरी होणारी असल्याने लस टाळण्याचे कारण ठरत नाही.

समारोप :
दिवसागणिक उतरणारी सूज व रंग पालटत मावळणारा डाग हे ऊती बऱ्या होत असल्याचे द्योतक आहे. याउलट फिकटपणा, जाळीदार नक्षी, वाढती वेदना किंवा दृष्टिदोष यांपैकी एकही लक्षण दिसताच प्रतीक्षा न करता वैद्यकीय मदत घेणे अनिवार्य ठरते. सौंदर्योपचार ऐच्छिक असला तरी त्याची गुंतागुंत ऐच्छिक नसते. त्यामुळे चेहऱ्याच्या शरीररचनेचे ज्ञान व तातडीच्या उपचाराची सिद्धता असलेल्या प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच तो करून घेणे हिताचे होय.