चंदीपासून बंद पोत्यापर्यंत : फुलंब्री परिसरातील अश्वपालक आणि तयार खाद्याचा व्यवहार

घोड्याला रोज देण्यात येणाऱ्या धान्याच्या हिश्शास मराठीत 'चंदी' म्हणतात. पागा, तोबरा, खरारा, मोतद्दार या शब्दांप्रमाणेच हाही शब्द आता बोलण्यातून मागे पडत चालला आहे. चंदी म्हणजे केवळ धान्य नव्हे. ते कोणते, किती, भिजवलेले की भरडलेले, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे सर्व त्या शब्दात अभिप्रेत असे. त्याचा निर्णय घोड्याचा धनी किंवा मोतद्दार स्वतः करीत असे. अलीकडे या निर्णयाचा मोठा भाग कारखान्यात तयार झालेल्या आणि 'नैसर्गिक' असा शिक्का मिरविणाऱ्या खाद्याच्या पोत्याकडे जाऊ लागला आहे. या बदलामुळे अश्वपालक आणि विक्रेता यांच्या संबंधाचे स्वरूप कसे पालटते, त्यातून कोणते धोके उद्भवतात आणि त्यांचे निवारण कोणत्या मार्गाने होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसर आणि परंपरा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव आहे. गिरिजा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख अवर्षणप्रवण असून मका, कापूस आणि बाजरी ही येथील परिचित पिके होत. या मुलखाचा घोड्याशी असलेला संबंध जुना आहे. याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात पालखेड येथे १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावाने निजाम-उल्-मुल्कास कोंडीत पकडले. तो प्रसंग तोफांपेक्षा दाणावैरण आणि पाणी यांनी निर्णायक ठरविला. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाने निजामाच्या जड फौजेची रसद तोडली आणि पुढील महिन्यात मुंगी-शेवगाव येथे तह झाला.

घोडे जगतात ते दाणावैरणीच्या नेमक्या हिशेबावर, याची जाणीव त्यापूर्वीही राज्यकर्त्यांस होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांसाठी धान्य, तेल आणि मीठ यांची मापे ठरवून दिलेली आहेत. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूण भागातील लष्करास पाठविलेल्या पत्राचा विषयही हाच आहे. हाती असलेला दाणा व वैरण बेहिशेबी उधळल्यास पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग शिपाई रयतेस उपद्रव देऊ लागतील, असा इशारा त्यात दिलेला आहे. खाद्याचा हिशेब चुकला तर त्याचे प्रायश्चित्त प्रथम मुक्या जनावरास आणि नंतर गरीब माणसास भोगावे लागते, हे त्या पत्राचे मर्म होय.

आजचा अश्वपालक शिलेदार नव्हे. वरातीसाठी घोडा भाड्याने देणारा, तट्टावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणारा धनगर आणि हौसेखातर एखादे जनावर बाळगणारा शेतकरी, असा हा विखुरलेला वर्ग आहे. धनगरांच्या तट्टांतून टिकून राहिलेल्या भीमथडी घोड्याची अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा येथील घोड्यांचे बाजार अद्याप प्रसिद्ध आहेत. तथापि एकंदर संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. ग्राहक इतके थोडे आणि इतके विखुरलेले असता तालुक्याच्या गावी घोड्याच्या खाद्याची स्वतंत्र पेढी चालणे कठीण असते. जवळच्या दुकानात मिळते ते गुरांचे किंवा कोंबड्यांचे खाद्य. घोड्याचे म्हणून जे तयार खाद्य मिळते, ते बहुधा दूरच्या शहरातून मागवावे लागते.

घोड्याचे पोट आणि त्याचे नियम

या व्यवहारातील धोका समजण्यासाठी घोड्याची पचनक्रिया थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. घोडा गवत खातो. परंतु तो गाईप्रमाणे रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असून त्यात सामान्यतः ८ ते १५ लिटर एवढेच मावते. वैरणीतील तंतुमय भागाचे पचन पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने होते. गाईच्या पोटात खाद्य प्रथम जंतूंच्या हाती पडते आणि त्यातील पुष्कळसे विषारी घटक तेथेच निष्प्रभ होतात. घोड्यास हे संरक्षण नाही. शिवाय त्यास उलटी होत नाही. एकदा पोटात गेलेले वाईट अन्न परत बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला निसर्गाने ठेवलेला नाही.

यावरून काही व्यावहारिक नियम निघतात. घोड्यास दिवसाकाठी वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडे खाद्य लागते आणि त्यातील किमान दीड टक्का वैरण असावी. ३०० किलो वजनाच्या तट्टासाठी हा हिशेब ६ किलो एकूण आणि त्यांपैकी साडेचार किलो कडबा, गवत किंवा लसूणघास असा होतो. धान्याचा वाटा दीड किलोपलीकडे जाऊ नये. एका वेळच्या चंदीत पिष्टमय पदार्थ वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे आधुनिक पशुआहारशास्त्र सांगते. मक्यात पिष्ट सुमारे ७० टक्के, तर हरभऱ्यात सुमारे ४० टक्के असते. म्हणून त्याच तट्टास एका वेळी हरभरा पाऊण किलोपर्यंत चालेल. मका मात्र सव्वाचारशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. मर्यादा ओलांडल्यास न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात आंबते आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो. हरभरा व हुलगा ही घोड्याची धान्ये म्हणून पूर्वजांनी निवडली, त्या निवडीमागील अनुभवास शास्त्राचा असा आधार मिळतो. हुलग्यास इंग्रजीत 'घोड्याचे धान्य' अशाच अर्थाचे नाव आहे.

गव्हाच्या कोंड्याचे उदाहरणही बोधप्रद आहे. कोंडा हलका म्हणून अनेकजण तो भरपूर देतात. परंतु त्यात स्फुरद अधिक आणि चुना फार थोडा असतो. दीर्घकाळ कोंड्यावर पोसलेल्या घोड्याच्या हाडांतील चुना ओढला जातो आणि चेहऱ्याची हाडे सुजून मऊ पडतात. लसूणघासासारख्या चुनायुक्त वैरणीची जोड दिल्यास हा दोष टळतो.

'नैसर्गिक' या शब्दाची मर्यादा

तयार खाद्याच्या पोत्यावर 'नैसर्गिक' हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो. मनुष्याच्या अन्नासाठी असा शब्द केव्हा वापरावा, याचे नियम भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली केले. ते जनावरांच्या खाद्यासाठी नव्हेत. म्हणून पोत्यावरील या शब्दाने अश्वपालकास कोणतेही निश्चित आश्वासन मिळते असे मानता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नैसर्गिक आणि निर्धोक हे समानार्थी शब्द नव्हेत.

फुलंब्री परिसरास जवळचे उदाहरण मक्याचे आहे. कणसे भरण्याच्या व काढणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला किंवा किडीने कणसे पोखरली, तर दाण्यावर फ्युजेरियम जातीची बुरशी वाढते. ती फ्युमोनिसिन नावाचे विष निर्माण करते. या विषाचा शोध १९८८ साली दक्षिण आफ्रिकेत लागला. घोडा त्यास विलक्षण संवेदनशील आहे. त्याच्या मेंदूतील पांढरा भाग विरघळू लागतो. जनावर खाणे सोडते, अडखळते, आंधळे होते, एकाच जागी फिरत राहते आणि काही तासांत किंवा काही दिवसांत दगावते. त्यावर उपचार नाही. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने घोड्याच्या खाद्यातील मक्यासाठी दशलक्ष भागांत ५ भाग ही मर्यादा सुचविली असून असा मका एकूण आहाराच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असेही म्हटले आहे. मांसासाठी पोसलेल्या गुरांकरिता हीच मर्यादा ६० भाग आणि कोंबड्यांकरिता १०० भाग आहे. एकाच ढिगातील मका गोठ्यातील बैलास बाधत नाही आणि शेजारच्या ठाणावरील घोडा मात्र मरतो, याचे कारण या आकड्यांत आहे. असे खाद्य पूर्णपणे नैसर्गिक असूनही प्राणघातक असते.

दुसरा धोका अदलाबदलीचा आहे. कोंबड्यांच्या आणि काही वेळा गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळतात. गुरास घातक ठरणाऱ्या मात्रेच्या सुमारे एक दशांश मात्रा घोड्याच्या हृदयास घातक ठरते. एकाच गिरणीत दोन्ही प्रकारचे खाद्य तयार होत असेल आणि यंत्रे नीट साफ केली नसतील, तर हे औषध घोड्याच्या पोत्यात उतरू शकते. अडचणीच्या वेळी कोंबड्यांचे किंवा गुरांचे खाद्य घोड्यापुढे टाकणे याच कारणास्तव टाळले पाहिजे.

विक्रीनंतरचे उत्तरदायित्व

पूर्वी धनी बाजारात जाऊन हरभरा मुठीत घेई, दाताखाली फोडून पाही, वास घेई आणि मग भाव ठरवी. दाणा खराब निघाल्यास दुकानदार गावातलाच असे. बंद पोत्याच्या व्यवहारात हे डोळ्यांचे आणि हाताचे परीक्षण संपते. त्याची जागा घेणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे पोत्यावरील मजकूर, उत्पादकाचा शब्द आणि तक्रारीस मिळणारे उत्तर. म्हणून ग्राहकसेवा हा येथे केवळ सौजन्याचा विषय राहत नाही; तो खाद्याच्या गुणवत्तेचाच एक भाग बनतो.

चांगल्या उत्पादकाची लक्षणे सांगता येतात. तो घटकांची नावे स्पष्ट देतो. 'धान्याचे उपपदार्थ' अशा मोघम शब्दांआड लपत नाही. प्रत्येक पोत्यावर उत्पादनाचा महिना आणि घाणीचा क्रमांक असतो. घटकांत बदल केल्यास तो आधी कळवितो. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. घोड्याच्या आतड्यातील जंतूंस नव्या खाद्याशी जुळवून घेण्यास सात ते दहा दिवस लागतात. पोते तेच, नाव तेच, पण आतील मिश्रण बदललेले, असे झाल्यास दक्ष धन्याच्या हातूनही अकस्मात बदल घडतो आणि त्याचे कारण त्याला उमगत नाही. तक्रार आली असता चांगला उत्पादक प्रथम खाद्य थांबविण्यास सांगतो, घाणीचा क्रमांक विचारतो आणि आपल्याकडील राखीव नमुना तपासतो. उलटपक्षी, घोड्याची निगा नीट नसेल असे सांगून तक्रार परतविणारा विक्रेता इतर ग्राहकांच्या जनावरांसही धोक्यात लोटतो. कारण त्याच घाणीची पोती अन्यत्र गेलेली असतात.

कायद्याचे साहाय्यही उपलब्ध आहे. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार सामान्यतः उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्काचा तपशील वेष्टनावर छापावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. वरातीच्या एका घोड्यावर कुटुंब पोसणारा मनुष्य त्यामुळे ग्राहक ठरू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. त्यामुळे उत्पादक परप्रांतातील असला तरी फुलंब्रीच्या रहिवाशास आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. वस्तूतील दोष चाचणीवाचून कळण्यासारखा नसेल, तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

परंतु नमुनाच उरला नसेल तर कायदाही पंगू होतो. घोडा दगावल्यानंतर उरलेले खाद्य फेकून देणे आणि मृतदेह तत्काळ पुरणे हे भावनेच्या दृष्टीने स्वाभाविक असले, तरी त्यामुळे एकमेव पुरावा नष्ट होतो. यास्तव प्रत्येक नवीन पोते उघडताच त्यातील किलोभर खाद्य स्वच्छ, कोरड्या डब्यात बाजूस ठेवावे. पावती आणि पोत्यावरील छापील चिठ्ठी जपावी. खाद्य केव्हा बदलले, याची नोंद वहीत करावी. जनावर आकस्मिक मेल्यास शासकीय पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे. नवे पोते आल्यावर जुन्यात थोडे थोडे मिसळून आठवडाभराने पूर्ण बदल करावा. चातुर्मासात लग्नसराई थांबली की घोडा ठाणावर उभा राहतो. त्या दिवसांत चंदी कमी करून वैरण कायम ठेवावी. कुबट वासाचा, भुकटी झालेला किंवा किडका मका कितीही स्वस्त मिळाला तरी तोबऱ्यात जाऊ देऊ नये.

तात्पर्य, तयार खाद्य हे मुळातच त्याज्य नाही. योग्य प्रमाणात मिश्रण करणारा प्रामाणिक उत्पादक एकेकट्या धन्यास न साधणारा समतोल साधू शकतो. पण चंदीचा हिशेब ठेवण्याचे जुने कर्तव्य पोत्याबरोबर विकत घेता येत नाही. वरातीच्या घोड्याच्या मृत्यूने एका घराचे वर्षाचे उत्पन्न जाते आणि ते उत्पन्न देणारे जनावर पुन्हा घेण्याची ऐपत बहुधा त्या घरास नसते. विक्रेत्याने उत्तरदायी राहावे आणि धन्याने दक्ष राहावे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पोत्यावरील 'नैसर्गिक' या शब्दास काही अर्थ प्राप्त होईल.